करोना संसर्ग व बालकांचे पचनस्वास्थ्य

करोना विषाणूंचा संबंध मुख्यतः श्वसन तंत्राशी जोडला जात असला, तरी त्यांचा इतिहास आतड्यांच्या रोगांशीही निगडित आहे. डुकरांच्या पिलांतील संसर्गजन्य जठरांत्रशोथाचे वर्णन अमेरिकेत १९४६ मध्ये झाले. तो अशाच विषाणूमुळे होतो, हे पुढे निष्पन्न झाले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसणाऱ्या किरीटासारख्या कडेवरून १९६८ मध्ये या गटास ‘करोना’ हे नाव मिळाले. १९७५ मध्ये वेल्लोर येथील संशोधकांना मानवी मलात तत्सम कण आढळले. परंतु निरोगी व्यक्तींतही ते दिसल्याने अतिसाराचे कारण म्हणून त्यांस निश्चित स्थान मिळाले नाही. बालकांच्या तीव्र अतिसाराचा एक प्रमुख कारक म्हणून मान्यता पावला तो १९७३ मध्ये मेलबर्न येथे आढळलेला रोटाव्हायरस.

नागपुरात कोविड-१९ चा पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळला. या विषाणूला कोशिकेत शिरण्यास साहाय्यभूत होणारे एसीई-२ हे प्रथिन लघ्वांत्राच्या अस्तरातही विपुल असते. त्यामुळे काही बालकांत खोकला नसतानाही वांती, अतिसार व पोटदुखी ही लक्षणे दिसून आली. बहुतेक बालकांत रोग सौम्य राहिला. घशातील नमुना निर्दोष ठरल्यानंतरही मलात विषाणूचे जनुकद्रव्य काही काळ सापडे. तथापि मलावाटे प्रसार हा रोगप्रसाराचा प्रमुख मार्ग ठरला नाही.

संसर्गानंतर साधारणतः दोन ते सहा आठवड्यांनी काही थोड्या बालकांत बहुतंत्रीय शोथ लक्षणसमूह उद्भवतो. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमध्ये त्याकडे प्रथम लक्ष वेधले गेले. तीव्र ज्वर व पोटदुखी यांमुळे तो आंत्रपुच्छशोथासारखा भासतो व काही बालकांवर अनावश्यक शस्त्रक्रियाही झाल्या. हृदयास इजा होण्याचा संभव असल्याने त्याचे वेळीच निदान होणे महत्त्वाचे असते.

नाकातून नमुना घेणे बालकांना त्रासदायक होते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (स्थापना १९५८) २०२१ मध्ये मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांतून नमुना घेण्याची पद्धती विकसित केली. सुमारे १५ सेकंद गुळणी करून ते पाणी नळीत घेतले जाई. ही पद्धती सोपी व अल्पखर्चाची असली, तरी गुळणी करू न शकणाऱ्या तान्ह्या मुलांसाठी ती निरुपयोगी होती.

अतिसार कोणत्याही विषाणूचा असो, बालकास मुख्य धोका निर्जलीभवनाचा असतो. १९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामात डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगाव येथील निर्वासितांवर यशस्वीपणे वापरलेले मीठ-साखरेचे द्रावण हाच आजही उपचाराचा पाया आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये स्वीकारलेल्या सूत्रात एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅ. मीठ, १३.५ ग्रॅ. ग्लुकोज, १.५ ग्रॅ. पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅ. ट्रायसोडियम सायट्रेट असते. त्याच्या जोडीला १०–१४ दिवस जस्त दिले जाते. स्तनपान चालूच ठेवावे लागते. विषाणुजन्य अतिसारावर प्रतिजैविके निरुपयोगी ठरतात. मूल सुस्त झाल्यास, डोळे खोल गेल्यास, लघवी थांबल्यास किंवा मलात रक्त पडल्यास त्यास विनाविलंब रुग्णालयात नेणे आवश्यक असते.