दुभंगलेला ओठ व टाळू : प्रौढ स्त्रियांचे अनुभव

दुभंगलेला ओठ व टाळू हे चेहऱ्याचे जन्मजात व्यंग आहे. गर्भाचा वरचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात आणि टाळू त्यानंतर, बाराव्या आठवड्यापर्यंत सांधली जाते. हे सांधणे अपुरे राहिले की फट उरते. जगात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळात असा दुभंग आढळतो. ओठाचा दुभंग मुलग्यांत अधिक, तर नुसत्या टाळूचा मुलींत अधिक. मुलींच्या टाळूचे दोन्ही भाग सुमारे आठवडाभर उशिरा जुळतात, हे त्याचे एक कारण मानले जाते. ओठ तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात आणि टाळू साधारण दीड वर्षाच्या आत शिवतात. घरच्यांच्या लेखी प्रश्न तिथे मिटतो. त्या मुलीच्या बाबतीत तो नोकरी, लग्न आणि बाळंतपण अशा प्रत्येक टप्प्यावर नव्याने उभा राहतो.

बोलणे व खाणे : टाळूचा मऊ भाग आखूड राहिला किंवा पुरेसा उचलला गेला नाही, तर बोलताना हवा नाकावाटे निसटते आणि आवाज गेंगाणा होतो. प, ब, ट, ड यांसारखी तोंडात हवा कोंडून उच्चारायची अक्षरे आधी बिघडतात. 'बाबा' म्हटले तरी ऐकणाऱ्याला 'मामा' वाटते. समोरासमोर हावभावांवरून निभावते, फोनवर निभावत नाही. टाळूच्या शिवणीत बारीकसे भोक राहिले असेल, तर चहाचा घोट नाकात येतो. मग चारचौघांत पातळ पदार्थ खाणे-पिणेच टाळले जाते. टाळूचे स्नायू कमकुवत असल्याने मधल्या कानात पाणी साठते आणि काहींना मोठेपणीही कमी ऐकू येते.

तरीही आवाजावर पोट भरणाऱ्या स्त्रिया आहेत. ऑस्ट्रेलियाच्या विनोदकार वेंडी हार्मर यांचा ओठ आणि टाळू जन्मतः दुभंगलेले होते. १९९०च्या दशकात त्यांनी सिडनीच्या टूडे एफएमवर सकाळचा कार्यक्रम गाजवला. 'पुसीकॅट डॉल्स' या अमेरिकन गायन-नृत्य समूहातील कार्मिट बाचार यांचा जन्मही याच व्यंगासह झाला.

दिसणे व लग्न : एका बाजूचा दुभंग उजवीपेक्षा डावीकडे अधिक आढळतो. शिवल्यानंतरही त्या बाजूची नाकपुडी बऱ्याचदा चपटी आणि पसरट राहते. महाराष्ट्रात नथ घालतात तीही डावीकडेच, त्यामुळे नवरीच्या साजात लोकांची नजर नेमकी तिथे जाते. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात प्रश्न वणाचा नसतो, पुढच्या पिढीचा असतो, आणि तो मुलीला न विचारता तिच्या आईवडिलांना विचारला जातो. हे केवळ आपल्याकडचे नाही. नॉर्वेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीतील प्रौढांवर लहानपणापासून ठरावीक पद्धतीने उपचार झाले होते; तरीही त्यांच्यात लग्नाचे प्रमाण इतरांपेक्षा कमी होते आणि लग्ने उशिरा झाली होती.

या व्यंगाची सर्वांत गाजलेली कथा एका लहान मुलीची आहे. उत्तर प्रदेशातील मिर्झापूर जिल्ह्यातल्या पिंकी सोनकरवर वाराणसीत डॉ. सुबोधकुमार सिंह यांनी शस्त्रक्रिया केली. तिच्यावरच्या 'स्माइल पिंकी' या लघु माहितीपटाला २००९ साली ऑस्कर मिळाले, आणि २०१३च्या विम्बल्डन पुरुष एकेरी अंतिम सामन्याची नाणेफेक तिच्या हस्ते झाली. मोठ्या झालेल्या बाईच्या वाट्याला असे कुतूहल क्वचितच येते.

मातृत्व : गरोदर बाईने ग्रहणात विळी-सुरीला हात लावला तर बाळाचा ओठ फाटतो, हा समज महाराष्ट्रात अजून टिकून आहे आणि त्याचा सगळा दोष आईच्या पदरात पडतो. मुळात अनेकींना दिवस गेल्याचे पुरते उमगण्याआधीच ओठ घडायला लागलेला असतो. आईला किंवा वडिलांना स्वतःला दुभंग असेल, तर प्रत्येक बाळात तो येण्याची शक्यता साधारण ३ ते ५ टक्के असते. मात्र खालच्या ओठावर खळगे दिसणाऱ्या व्हॅन डर वुड सिंड्रोममध्ये तो जनुकीय दोष बाळात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते, म्हणून गर्भधारणेपूर्वी जनुकीय सल्ला घेणे शहाणपणाचे ठरते. धूम्रपान आणि व्हॅल्प्रोएटसारखी फेफऱ्यावरची काही औषधे धोका वाढवतात. पण ही औषधे परस्पर बंद करू नयेत.

मोठेपणीचे उपचार : मूळचे महाराष्ट्रातले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित यांनी १९६८पासून भारतात मोफत प्लास्टिक सर्जरीची शिबिरे घेतली. २००१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शिबिरात ओठ शिवून होतो. दात, जबडा आणि उच्चार यांना मात्र वर्षानुवर्षे पाठपुरावा लागतो. वरचा जबडा मागे राहिला असेल, तर तो पुढे आणण्याची शस्त्रक्रिया वाढ पूर्ण झाल्यावरच करतात आणि नाकाची त्यानंतर. टाळू मोठेपणी प्रथमच शिवली, तर खाणे-पिणे सुधारते; पण उच्चाराच्या सवयी पक्क्या झालेल्या असल्याने बोलण्यात तेवढा फरक पडत नाही.

सरकारी मदत नेमकी इथेच आखडते. फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाची तपासणी आणि उपचार समाविष्ट आहेत, पण वयाच्या १८ वर्षांपर्यंतच. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६च्या २१ प्रकारांत दुभंगाची स्वतंत्र नोंद नाही. वाचा-भाषा किंवा श्रवणदोषाच्या गटातूनच दावा करावा लागतो.

टाळू लहानपणी शिवलेली असूनही आवाज गेंगाणा असेल, घोट नाकात येत असेल किंवा कमी ऐकू येत असेल, तर प्लास्टिक सर्जरी विभाग असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणी करून घ्यावी आणि वाचा-उपचारतज्ज्ञाची भेट आवर्जून मागावी. तिशी-चाळिशी उलटली म्हणून या उपचारांची वेळ टळलेली नसते.