लॅटिन कोशाची हद्द

लॅटिनचा कोश घेताना 'सर्वांत नवा तो सर्वांत चांगला' असे धरून चालण्याची रीत आहे. छपाईचे साल पाहण्याआधी कोश कोणत्या शतकात थांबतो ते पाहावे, असे मला वाटते. आणि त्याची हद्द कळते ती त्याच्या घडणीच्या इतिहासातून. इंग्रजीतून लॅटिन शिकणाऱ्यांच्या पिढ्यांनी ज्यावर भिस्त ठेवली, तो लुइस आणि शॉर्ट यांचा १८७९चा कोश मुळात वारशाने आलेला. पादुआच्या फोर्चेलिनीचा प्रचंड कोश त्याच्या मृत्यूनंतर, १७७१मध्ये छापला गेला. त्याचा आधार घेऊन जर्मनीत विल्हेल्म फ्रॉइंडने १८३४ ते १८४५ या काळात आपला कोश सिद्ध केला, अँड्र्यूजने १८५०मध्ये तो अमेरिकेत इंग्रजीत आणला, आणि त्याचीच सुधारून वाढवलेली आवृत्ती म्हणजे लुइस-शॉर्ट. (नावे दोन असली तरी शॉर्टने फक्त पहिले अक्षर केले, बाकीचा डोंगर पेशाने वकील असलेल्या लुइसने उपसला.) अशा वारशात जुन्या चुकाही हातोहात पुढे येतात.

ऑक्सफर्डने ही परंपरा तोडली. १९३३मध्ये काम सुरू करून मूळ ग्रंथ नव्याने वाचले, अवतरणे नव्याने टिपली आणि १९६८ ते १९८२ या काळात आठ भागांत कोश पुरा केला. अर्थच्छटांची मांडणी आणि सुधारलेले पाठ यांत तो सरस आहे, याबद्दल वाद नाही. सिसेरो किंवा व्हर्जिल वाचणाऱ्याने तोच घ्यावा. पण त्याची मर्यादा साधारण इ.स. २००, आणि ख्रिस्ती लेखक त्याने बाहेरच ठेवले. जेरोमचे बायबल किंवा ऑगस्टीन हाती घेतला, की हा कोश वाचकाला वाऱ्यावर सोडतो. गंमत अशी, की त्याचे पहिले संपादक अलेक्झांडर सूटर हे ख्रिस्ती लॅटिनचेच जाणकार. उत्तरकालीन शब्दांचा त्यांचा संग्रह १९४९मध्ये वेगळा निघाला. लुइसमध्ये हे उत्तरकालीन लेखकही बऱ्याच प्रमाणात सापडतात.

लुइसच्या व्युत्पत्ती शिळ्या झाल्या, काही स्वरांचे ऱ्हस्वदीर्घ चुकले, हा आक्षेप खराच आहे. पण व्युत्पत्तीसाठी स्वतंत्र ग्रंथ मिळतात. कोशात नसलेला शब्द मात्र कुठून आणणार? मग १८९४मध्ये सुरू झालेला, इ.स. ६००पर्यंत पोचणारा म्युनिकचा महाकोशच का वापरू नये? संशोधकाने जरूर वापरावा. मात्र तो अजून अपुरा आहे आणि त्यातले विवरणही लॅटिनमध्येच, त्यामुळे नवशिक्याला त्याचा उपयोग थोडा. त्याच्याही पलीकडचे लॅटिन आपल्याला परके नाही: १५३४मध्ये गोव्याला धर्मप्रांताचा दर्जा देणारे पोपचे आज्ञापत्र लॅटिनमध्येच आहे. असे दफ्तर वाचणाऱ्याने लुइसच्या जोडीला मध्ययुगीन लॅटिनसाठी द्यु कांजचा १६७८चा शब्दसंग्रह ठेवावा. दोन्ही आता स्वामित्वहक्कातून मुक्त असून इंटरनेटवर फुकट मिळतात. ऑक्सफर्डचा मात्र विकतच घ्यावा लागतो.