स्वस्तिक : उंबऱ्यावरचं आणि लेण्यांतलं

आजचा विषय आपल्या रोजच्या नजरेतला आहे. नवापूर, तारापूर, बोईसर, पालघर, या पट्ट्यात कुठेही जा. नव्या घराच्या दारावर, दिवाळीला पूजेत ठेवलेल्या वहीवर, नव्या गाडीवर कुंकवाचं स्वस्तिक दिसतंच. इतकं सवयीचं की आपण त्याकडे बघतो, पण विचार करत नाही. विचार करायची वेळ येते ती परदेशातला नातू फोनवर विचारतो तेव्हा : "आजी, दारात हे काढू नको म्हणतात, खरं का?" त्याला नीट उत्तर द्यायचं असेल तर आधी पुरावा बघायला हवा.

शब्दापासून सुरुवात करू. सु म्हणजे चांगलं, अस्ति म्हणजे असणं. स्वस्ति म्हणजे कल्याण, आणि कल्याणाची खूण ती स्वस्तिक. हा शब्द पाणिनीच्या अष्टाध्यायीत आहे, आणि गंमत म्हणजे तो तिथे पूजेच्या संदर्भात येत नाही, गुरांच्या संदर्भात येतो. गुरं ओळखू यावीत म्हणून त्यांच्या कानांवर खुणा करत, त्या खुणांच्या यादीत स्वस्तिक आहे. नाट्यशास्त्रात मनगटाशी हात एकमेकांवर आडवे ठेवले की त्या मुद्रेलाही स्वस्तिक म्हणतात. म्हणजे शुभ, ओळखीची खूण आणि आडवा-उभा छेद, असे तिन्ही अर्थ या एका शब्दात नांदतात.

चिन्ह मात्र शब्दाहून जुनं. हडप्पा संस्कृतीच्या मुद्रांवर ते आहे, म्हणजे चार हजार वर्षांहून अधिक काळ झाला. ती लिपी अजून वाचता आलेली नाही, त्यामुळे त्या लोकांनी त्याला काय अर्थ दिला हे ठामपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ग्रीसमधल्या इसवी सनापूर्वी आठव्या शतकातल्या मडक्यांवरही हीच आकृती दिसते. ग्रीक लिपीतली चार गॅमा अक्षरं जोडल्यासारखी दिसते, म्हणून तिकडे तिला गॅमाडियन म्हणतात. सरळ रेषांची नक्षी विणता-कोरताना हा आकार अनेकांना वेगवेगळ्या ठिकाणी सुचू शकतो. सगळीकडे तो एकाच ठिकाणाहून गेला, असं मानायची गरज नाही.

आता आपल्या जवळचं बघू. जुन्नर, कार्ले इथल्या लेण्यांमधल्या ब्राह्मी लेखांच्या सुरुवातीला किंवा शेवटी स्वस्तिक कोरलेलं आढळतं. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने दोन पाण्याची टाकी दान दिल्याचा लेख आहे. यवन म्हणजे ग्रीक वंशाचा माणूस. त्याच्या लेखासोबत त्रिरत्न आणि स्वस्तिक आहे. म्हणजे बाहेरून आलेला माणूस, दान बौद्ध संघाला, अक्षरं ब्राह्मी, आणि खूण स्वस्तिकाची!

त्या काळी आपला किनारा या घडामोडींच्या बाहेर नव्हता. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात शोर्पारग, म्हणजे आपलं सोपारा, येतं. ज्या नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या त्यांत दाहनुका आहे, म्हणजे डहाणूची खाडी. याच उषवदाताने ब्राह्मणांना दानं दिली आणि भिक्षूंसाठी लेणंही खोदवलं. त्या काळात पंथांच्या भिंती आज वाटतात तितक्या उंच नव्हत्या.

जैनांकडे स्वस्तिक अष्टमंगलांत आहे. सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ यांचं ते लांछन, आणि त्याच्या चार भुजा म्हणजे जीवाच्या चार गती : देव, मनुष्य, तिर्यंच, नरक. बौद्ध धर्माबरोबर ते चीन-जपानला गेलं. आपल्याकडे कोणी चार दिशा म्हणतो, कोणी चार पुरुषार्थ, कोणी सूर्याची गती. हे सगळे नंतर लावलेले अर्थ आहेत. म्हणून ते खोटे ठरत नाहीत, पण "मूळ अर्थ हाच" असंही कोणी म्हणू नये.

आता अवघड भाग. १८७० च्या दशकात श्लीमान यांना ट्रॉयच्या उत्खननात हे चिन्ह मिळालं. भारताबाहेरच्या चिन्हाला स्वस्तिक हा शब्द वापरू नये, असं मॅक्स म्युलर यांनी त्यांना कळवलं होतं. तरी युरोपात हे चिन्ह "आर्य वंशा"च्या कल्पनेला चिकटवलं गेलं. १९२० मध्ये नाझी पक्षाने ते झेंड्यावर घेतलं, १९३५ मध्ये तो जर्मनीचा राष्ट्रध्वज झाला. जर्मन भाषेत त्याचं नाव हाकेनक्रॉइझ, म्हणजे आकड्यांचा क्रूस. त्या झेंड्याखाली साठ लाख ज्यू मारले गेले.

"त्यांचं उलटं, आपलं सुलटं" असं आपण सहज म्हणून टाकतो. हे बरोबर नाही. नाझींचं चिन्हही उजवीकडेच वळतं, आणि भारतात दोन्ही दिशांची स्वस्तिकं सापडतात. शिवनेरीतलंच डावीकडे वळलेलं आहे. फरक कोणी, कुठे, कशासाठी वापरलं यात आहे. कायदाही आता हे ओळखू लागलाय. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२२ मध्ये नाझी चिन्हावर बंदी आणली, पण धार्मिक वापराला सूट ठेवली.

कोकणातले बेने इस्राएल आठवा. मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावरच्या खुणेने त्यांना कधी भ्यावं लागलं नाही. पण ज्याचे आजी-आजोबा छळछावणीत गेले, त्याला ती बघून धसका बसणारच, आणि तो धसका खोटा नाही.

तेव्हा नातवाला सांगूया : बाळा, स्वस्तिक काढ. लाज वाटायचं कारण नाही. पण शेजारच्याने विचारलं तर चिडू नकोस. त्याला आत बोलाव, फराळाचं ताट दे, आणि स्वस्ति म्हणजे काय ते सांग. आणि त्याच्या घरी काय घडलं होतं, तेही ऐकून घे.