बांध नसलेली माशी

हेब्बाळचा पूल मागे टाकून तुम्ही बंगळुरूच्या जीकेव्हीके आवारात शिरता. एका अंगाला कृषी विद्यापीठाची शेतं, दुसऱ्या अंगाला एनसीबीएस या जीवशास्त्र संस्थेच्या प्रयोगशाळा. फळमाश्यांच्या खोलीत मक्याच्या पिठाचा आंबूस वास. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा आणि मनाने मागे चला. आता साल १९९० आहे.

ग्युरकोविच, कार्श आणि सहकाऱ्यांचा फॅब-७ नावाच्या उत्परिवर्तित माशीवरचा निबंध याच वर्षी छापून येतोय. गुंगी दिलेला नर तुम्ही कुंचल्याच्या टोकाने पालथा करता. साध्या नराच्या पोटाचे शेवटचे दोन पट्टे काळेभोर असतात. इथे एकच. पुन्हा मोजता. एकच. सहावा भाग स्वतःला सातवा समजून बसलाय, आणि नरात सातवा भाग दिसतच नाही.

गंमत म्हणजे भागाची ओळख ठरवणारं जनुक शाबूत आहे. गहाळ झालीत ती बाजूच्या डीएनएतली सुमारे चार हजार अक्षरं.

अजून दहाएक दिवस मागे चला. हाच नर अंड्यात आहे, काही तासांचा. सहाव्या भागातल्या एका पेशीच्या केंद्रकात उभे राहा. एबीडी-बी हे जनुक एकच, पण कुठल्या भागात ते किती चालायचं हे शेजारशेजारचे डीएनएचे तुकडे ठरवतात. इथे सहाव्या भागाचा तुकडा, आयएबी-६, जागा हवा; सातव्याचा, आयएबी-७, झोपलेला. मधे फॅब-७चा बांध असायचा, तो नाही. मग पाटाचं पाणी शेजाऱ्याच्या रानात शिरावं तशी सहाची जाग सातात शिरते, आणि जनुक सातव्या भागाच्या मापाने चालू लागतं.

अशा बांधाला शास्त्रात इन्सुलेटर म्हणतात. मला त्या शब्दाने विजेच्या खांबावरची चिनीमाती आठवते, बांधच बरा. बांधावर काही पिकत नाही, म्हणून तर दरवर्षी कुणीतरी तो कोरतो.

१९९३मध्ये जरा टेका. अमेरिकेत फेल्सेनफेल्ड यांच्या चमूला कोंबडीच्या ग्लोबिन जनुकांच्या कडेला असाच बांध सापडलाय. १९९९मध्ये त्यावर बसणारं प्रथिन ओळखू येतं: सीटीसीएफ. तुमच्याही पेशींत तेच आहे.

आता परत बंगळुरूत, आजच्या काळात. कार्श यांच्याकडे जिनिव्हात फॅब-७च्या परिसरावर काम केलेले राकेश मिश्रा हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतून २०२१मध्ये बंगळुरूला आले, टाटा इन्स्टिट्यूट फॉर जेनेटिक्स अँड सोसायटीचे संचालक म्हणून.

सूक्ष्मदर्शकाखालचा नर पाय झाडू लागलाय. गुंगी उतरतेय. कुंचल्याने त्याला बाटलीत ढकला आणि कापसाचा बोळा घट्ट बसवा.