स्त्रीपार्टी ते शेवंता : सिंधुदुर्गातील ओळखीची घडण

मालवणच्या किनारपट्टीवर तरुण पिढीची ओळख माध्यमे कशी घडवतात, याचा विचार दूरचित्रवाणीपासून सुरू करण्याचा प्रघात आहे. आमच्या मते तो दशावतारापासून सुरू व्हावयास हवा. सिंधुदुर्गाचे जुने लोकमाध्यम तेच.

भाताची कापणी उरकली की कार्तिकापासून गावोगावच्या देवळांत जत्रा भरतात आणि रात्रभर दशावतार रंगतो. आडदशावतार संपून आख्यान लागले की नट पाठ केलेले संवाद म्हणत नाही, तो ते रंगमंचावरच रचतो. द्रौपदी वा तारामती पुरुषच उभी करतो. अशा नटाला 'स्त्रीपार्टी' म्हणतात. तो आपले लुगडे आपणच नेसतो, रंग आपणच लावतो. पहाटे दहीकाला झाला की मंडळी पेटारे उचलून पुढच्या गावी निघतात. बाईपण चालीतून, आवाजातून, पदराच्या हालचालीतून घडवता येते, हे त्या जत्रेत वाढलेल्या मुलाला डोळ्यांसमोर दिसत असे. मुलगी मात्र प्रेक्षकच राहिली. रंगमंचावर बाईची प्रतिमा होती, बाई नव्हती. परंपरेचे गुणगान करताना आपण हे सोयीस्करपणे विसरतो.

१९८० साली गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' मच्छिंद्र कांबळी यांनी व्यावसायिक रंगभूमीवर आणले. गावकरी द्रौपदी वस्त्रहरणाचे नाटक करू पाहतात, त्याची ही फजिती. जी बोली चारचौघांत बोलण्याचा संकोच वाटे, ती मुंबईत टाळ्या घेऊ लागली. चाकरमान्यांच्या मुलांना आपल्या मालवणीचा अभिमान वाटू लागला. मात्र ही प्रतिष्ठा हास्याच्या वाटेने आली.

२०१६ साली 'झी मराठी'वर 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली आणि आकेरीचा वाडा घरोघरी पोहोचला. कोकणची अंधश्रद्धाळू प्रतिमा रंगवली जात असल्याचा आक्षेप तेव्हा घेतला गेला. २०१९च्या दुसऱ्या पर्वातील शेवंता लोकप्रिय झाली. आता बाईची भूमिका बाईच करीत होती. पण तिला न्याहाळणारी नजर अण्णा नाईकांची होती.

तेव्हा प्रश्न जुने माध्यम चांगले की नवे, एवढाच नाही. दशावतारात प्रतिमेची घडण उघड्यावर होते. पडद्यावर ती झाकलेली राहते, आणि झाकलेली घडण कोवळ्या वयाला सत्य वाटते. अलीकडे स्त्रियांचीही दशावतार मंडळे उभी राहिली आहेत. जत्रेत प्रेक्षक राहिलेल्या मुलीच्या वाट्याला तेथे उत्स्फूर्त संवादाचा अधिकार येतो. ओळख घडवण्याचा खरा अधिकार, आमच्या मते, तोच आहे.