कामा रुग्णालयाचा उंबरठा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबईंत धर्मार्थ रुग्णालय नव्हतें, असें नाहीं. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या औदार्यानें व सरकारच्या साहाय्यानें भायखळ्यास उभें राहिलेलें रुग्णालय १८४५ सालापासून गोरगरिबांची शुश्रूषा करीत होतें. त्याचें दार सर्वांस मोकळें होतें. परंतु तें ओलांडणें सर्वांस सारखेंच सोपें नव्हतें. परपुरुषापुढें दुखणें उघड करण्यापेक्षां तें अंगावर काढावें, अशी असंख्य घरांतील बायकांची रीत होती. औषध होतें, वैद्य होते. मध्यें लज्जेचा उंबरठा आडवा होता, आणि तो ओलांडण्याआधींच कित्येकींचे प्राण जात.

हा अडसर केवळ पैशानें दूर होण्याजोगा नव्हता. अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज व पारशी समाजसुधारक सोराबजी शापुरजी बंगाली यांनीं हें मर्म ओळखलें. १८८२-८३ च्या सुमारास त्यांनीं निधि उभारण्यास आरंभ केला. त्यांचे हेतु तीन होते: इंग्लंडहून स्त्री-डॉक्टर आणाव्या, बायकामुलांसाठीं स्वतंत्र दवाखाना व रुग्णालय काढावें, आणि येथील स्त्रियांस वैद्यकीचें शिक्षण मिळवून द्यावें. रुग्णालयासाठीं पेस्तनजी होरमसजी कामा यांनीं प्रथम एक लाख रुपये देऊं केले व पुढें त्यांत भर घातली. १८८३ सालीं कोनशिला बसली. त्याच सालीं ग्रँट मेडिकल कॉलेजचें दार स्त्रियांस उघडलें.

डिसेंबर १८८३ मध्यें डॉक्टर एडिथ पीची मुंबईस उतरल्या. अडवलेल्या दाराचें दुःख त्यांस ठाऊक होतें. एडिंबरो विद्यापीठांत रसायनशास्त्राच्या परीक्षेंत उत्तम गुण मिळवूनहि, केवळ स्त्री म्हणून, हक्काची शिष्यवृत्ति त्यांना नाकारण्यांत आली होती. मुंबईंत त्यांनीं आधीं दवाखाना चालविला आणि १८८६ सालीं कामा रुग्णालय उघडल्यावर त्याची धुरा वाहिली. स्त्री-डॉक्टरांस पुरुषांइतकें वेतन मिळावें, असाहि त्यांचा आग्रह होता. कारण जिच्या विद्येचें मोल कमी लेखलें जातें, तिच्या रोग्यांच्या प्राणाचें मोलहि कमीच लेखलें जातें.

या बीजाचें फळ रखमाबाईंच्या चरित्रांत दिसतें. बालपणीं झालेल्या विवाहाचें बंधन नाकारल्यामुळें १८८४ पासून त्यांना न्यायालयांत झगडावें लागलें. १८८८ सालीं तो कलह मिटल्यावर पीचीबाई प्रभृति हितचिंतकांच्या साहाय्यानें त्या विलायतेस गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या, आणि सुरतेस व पुढें राजकोटास त्यांनीं अनेक वर्षें स्त्रियांची सेवा केली.

एका शहरांतील एका इमारतीनें खेड्यापाड्यांतील बाळंतिणींचे हाल संपले नाहींत, हें खरेंच. तथापि किट्रेज, बंगाली व कामा यांच्या दानाचा विशेष त्याच्या रकमेंत नाहीं. रोगी दाराशीं कां येत नाहीं, हा प्रश्न त्यांनीं आधीं विचारला आणि मग थैली सोडली. औषध सर्वांसाठीं ठेवणें हा दानधर्म खरा. पण तें घेण्यास जो येऊं शकत नाहीं, त्याची वाट मोकळी करणें हा त्याहून मोठा धर्म होय.