अफूची गोळी आणि छातींतला कफ

विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या कित्येक बाया कामावर निघण्यापूर्वीं तान्ह्या मुलास अफूची गोळी चाटवीत. मूल दिवसभर निजे, खोकलाहि थांबे. म्हणून गोळीचा गुण मानला जाई. पण तो गुण नव्हे! अफूनें मेंदूंतील खोकल्याची प्रेरणा दबते, श्वास मंदावतो. कफ मात्र छातींतच साचतो. शहाणेहि फसले. १८९५ सालीं सरकारी अफू-आयोगानें हिंदुस्थानांतील माफक सेवन बहुतांशीं निरुपद्रवी ठरविलें. १८९८ सालीं जर्मनीच्या बायर कंपनीनें अफूपासून केलेलें हेरॉइन खोकल्याचें औषध म्हणून विकावयास काढलें. मग त्या माउल्यांना बोल कोणीं लावावा? बहुतेक गिरण्यांत पाळणाघर नव्हतें. मुंबई इलाख्यांत प्रसूतिलाभाचा कायदा झाला तो १९२९ सालीं. तेव्हां कोठें बाळंतिणीस कांहीं आठवडे रजा व भत्ता मिळूं लागला.